बुंधा दाबून पाहा: ठाण्याच्या फ्लॅटमधलं ‘बोन्साय बेगोनिया’

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर घर, दिवाळीत भेट मिळालेलं ‘बोन्साय बेगोनिया’, लिंबाएवढा फुगीर बुंधा आणि त्यावर मेपलसारखी कातरलेली छोटी पानं. डिसेंबरच्या मध्यापासून पानं पिवळी पडून गळायला लागली म्हणून तुम्ही पाणी वाढवलंत, सकाळ-संध्याकाळ फवारा मारलात. तरी गळती थांबेना, तेव्हा कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये दुपारच्या उन्हात ठेवलीत. आता जानेवारीत चारच पानं उरली आहेत. कोणतं खत द्यावं आणि झाड वाचलं तर आकारासाठी तार कधी बांधावी, असं तुम्ही विचारलंय.

खताचं आणि तारेचं नंतर बघू. आधी कुंडीपाशी जा आणि मातीच्या वर दिसणारा बुंधा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर झाड मेलेलं नाही, झोपलेलं आहे. जुन्या आल्याच्या तुकड्यासारखा सुरकुतलेला पण आतून घट्ट लागला तर ते तहानलेलं आहे, आणि हेही बरं होतं. पण उकडलेल्या बटाट्यासारखा अंगठा आत गेला, किंवा मातीलगत काळपट ओला डाग दिसला, तर कूज सुरू झाली आहे आणि मग आजच हालचाल करायला हवी. पानांकडे बघून यातलं काहीच कळत नाही. तिन्ही अवस्थांत पानं पिवळीच पडतात, म्हणून तर लोक फसतात.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं ते असं: डिसेंबरातली पानगळ हा आजार नव्हता. हे बेगोनिया हिवाळ्यात पानं टाकतं. दिवस लहान झाले, रात्री थोड्या गार झाल्या की बऱ्याच झाडांची निम्मी-अधिक पानं जातात, काही पूर्ण बोडकी होतात. झाड विश्रांतीला निघालं होतं, मुळं पाणी ओढेनाशी झाली होती आणि नेमक्या त्याच वेळी पाणी दुप्पट झालं. गळती बघून पाणी वाढवणं ही आपल्या सगळ्यांची खोड आहे, मीही सुरुवातीची दोन झाडं अशीच घालवली. म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, पण आजपासून पाण्याची झारी बाजूला ठेवा.

हे झाड म्हणजे काय, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. ‘बोन्साय बेगोनिया’ हे दुकानातलं नाव. बहुतेक वेळा ते बेगोनिया ड्रेगेई असतं, काही ठिकाणी पार्टिटा या नावानेही विकतात. बोन्साय म्हणजे मोठ्या वृक्षाला मुळं-फांद्या छाटून, वर्षानुवर्षं वळण लावून लहान ठेवणं. इथे तसं काही केलेलं नसतं. हे मुळातच गुडघ्याएवढं झुडूप आहे, आणि बुंध्यापाशी ते आपसूक फुगतं, ‘डेझर्ट रोज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अडेनियमसारखं. त्या फुगीर भागाला अडेनियमवाले कॉडेक्स म्हणतात. तिथे पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. म्हणजे तुमच्या कुंडीत आधीच एक छोटी टाकी आहे. पण साम्य इथेच संपतं. अडेनियमला भाजणारं ऊन लागतं, याला नाही. अडेनियम बघून जो माणूस याला ग्रिलमध्ये ठेवतो त्याच्या झाडाची पानं आठवड्यात करपतात.

मूळ गाव दक्षिण आफ्रिकेचा पूर्व किनारा. १८२६ ते १८३४ या काळात तिथे वनस्पती गोळा करणारे जर्मन संग्राहक योहान फ्रान्झ ड्रेगे यांच्यावरून याचं नाव पडलं. तिथे ते जंगलाच्या सावलीत, कड्यांच्या कपारीत, खडकावर साचलेल्या मूठभर पालापाचोळ्यात वाढतं. उन्हाळ्यात पाऊस, हिवाळा कोरडा. आपल्याकडे पावसाळ्यात येऊरच्या बाजूला किंवा घाटात ओल्या खडकावर गुलाबी फुलांचं रानबेगोनिया दिसतं ना, बेगोनिया क्रेनाटा? तेही पावसात वर येतं आणि पाऊस सरला की जमिनीतल्या गड्ड्यात परत जातं. जात वेगळी, पण स्वभाव तोच: खडकाला चिकटायचं, पाणी आलं की प्यायचं, ते वाहून गेलं की मुळांभोवती हवा खेळू द्यायची. खडकावर पाणी साचून राहत नाही. आपल्या कुंडीत राहतं. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात या झाडाला तहानेने मेलेलं मी क्वचित पाहिलंय, साचलेल्या ओलीने मेलेलं कितीतरी वेळा.

(जाता जाता एक सांगते, कारण मला हे फार आवडतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या नान्सीमध्ये व्हिक्टर लेम्वान यांनी या ड्रेगेईचा संकर अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरच्या बेगोनियाशी केला. सोकोत्राचं ते झाड उलट्या वेळापत्रकाचं, हिवाळ्यात वाढणारं आणि उन्हाळ्यात झोपणारं. त्यातून ऐन थंडीत फुलणारं ‘ग्लोआर द लोरेन’ हे बेगोनिया निघालं आणि युरोपात नाताळचं झाड म्हणून घरोघरी गेलं. बेगोनियांत प्रत्येक जातीचं झोपेचं वेळापत्रक किती वेगळं असू शकतं, ते यावरून लक्षात येईल.)

आता लगेच काय करायचं. बुंधा टणक असेल तर कुंडी ग्रिलमधून आत घ्या, उजेडाच्या जागी ठेवा, फवारा पूर्ण बंद. माती तळापर्यंत कोरडी होऊ द्या आणि मग दहा-बारा दिवसांतून एकदा अर्धी वाटी पाणी, बास. उरलेली पानं गळाली तरी घाबरू नका. फेब्रुवारीच्या शेवटी, फार तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बुंध्याच्या वरच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढे तांबूस कोंब दिसतील. ते दिसले की पाणी हळूहळू वाढवायचं, आधी नाही.

बुंधा मऊ असेल तर झाड कुंडीतून काढा, सगळी माती झाडून टाका, गरज पडली तर मुळं धुवा. स्वच्छ पात्याने मऊ, तपकिरी भाग कापत जा, आतला गर फिकट आणि करकरीत लागेपर्यंत. दर कापानंतर पातं पुसा. हे करताना हात आखडता घेऊ नका. राईएवढा कुजका भाग राहिला तरी तो पुन्हा पसरतो. कापलेल्या जागी लाकडी कोळशाची पूड लावा, सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस उघडं सुकू द्या आणि मग कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी आठवड्याने. निम्मा बुंधा गेलेलं झाड माझ्याकडे परत उभं राहिलंय, पण पूर्ण मऊ झालेलं वाचत नाही, हे खोटं न बोलता सांगायला हवं. अशा वेळी वरची एखादी फांदी अजून हिरवी, कडक असेल तर तिचं कलम करून घ्या. कलम लावताना पेराचे एक-दोन डोळे मातीखाली जातील असं लावा, कारण नवा फुगवटा तिथूनच धरतो.

उजेडाबद्दल मात्र मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण तुम्ही खिडकीची दिशा सांगितलेली नाही आणि ठाण्यात सगळा खेळ त्यावरच आहे. पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन पानांवर थेट पडलं तरी चालतं, त्याने पेरं आखूड राहतात आणि पानांच्या शिरांना तांबूस छटा येते. पश्चिमेची खिडकी असेल तर काचेपासून तीन-चार फूट आत, पातळ पडद्याआड. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या काचेला दुपारी चार वाजता हात लावून बघा, तिथे झाड का ठेवायचं नाही ते लगेच कळेल. दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबर-जानेवारीत ऊन घरात खोलवर येतं, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मे महिन्यात त्याच खिडकीत थेट ऊन जवळजवळ नसतं. आणि उत्तरेची खिडकी ‘सावलीची’ म्हणून लोक निर्धास्त असतात, पण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो. त्या दोन-अडीच महिन्यांत आभाळ उघडलं की उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. म्हणून एकच जागा वर्षभर ठरवू नका. माझी झाडं वर्षातून तीनदा जागा बदलतात.

खिडकीच नसेल, किंवा समोरची इमारत इतकी जवळ असेल की दिवसाही दिवा लावावा लागतो, तर साधी पांढऱ्या उजेडाची २० वॅटची एलईडी ट्यूब झाडाच्या वर फूटभर अंतरावर लावा आणि दिवसाला बारा ते चौदा तास चालू ठेवा. माझ्या रॅकवर चौदा तास उजेड मिळणारी झाडं हिवाळ्यातही बहुतेक पानं राखून असतात, खिडकीतली टाकतात. दोन्ही निरोगी आहेत. मला स्वतःला पानं टाकू देणं बरं वाटतं, बुंधा जास्त घट्ट होतो असा माझा समज आहे. पण घरात बारमाही हिरवं हवं असेल तर ट्यूब लावण्यात काही गैर नाही.

पाण्यासाठी बोट मातीत खुपसून बघा, असा सल्ला सगळे देतात. उथळ कुंडीत तो कामाचा नाही, कारण वरची माती कोरडी आणि तळाशी चिखल असं सर्रास असतं. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. परवाचंच उदाहरण देते. माझ्याकडची सहा इंची मातीची कुंडी पाणी घालून, निथळल्यावर ९४० ग्रॅम भरली. मी कुंडीच्या बाहेर पेन्सिलने ९४० लिहिलं. पानं किंचित सैल पडली त्या दिवशी ती ६६० भरली, तेही खाली लिहिलं. आता मला माहीत आहे की ७०० च्या आसपास आल्याशिवाय या कुंडीला पाणी द्यायचं नाही. दोन-तीन आठवडे असं केलंत की काट्याची गरजही उरत नाही, कुंडी उचलली की हाताला कळतं. झाड वाढत असताना पाणी द्याल तेव्हा खालच्या भोकातून वाहेपर्यंत द्या आणि बशीतलं पाणी दहा मिनिटांत ओतून टाका. रोज चमचाभर पाणी हा सगळ्यात वाईट प्रकार, त्याने वर सतत ओल राहते आणि खालची मुळं कोरडी.

पाणी कुठलं, हेही बघा. तुमच्या बाजूच्या बऱ्याच सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळून येतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर ते क्षारांचं लक्षण आहे. झाड वाढत असताना महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या तिप्पट-चौपट पाणी एकदम ओतून माती धुऊन काढा, आणि पावसाळ्यात पावसाचं पाणी धरून ठेवा. आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी मात्र झाडांना घालू नका. ‘वाया जातं’ म्हणून अनेकजण घालतात, पण मशीनने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. लादी पुसायला वापरा.

मातीबद्दल थोडक्यात. दुकानातून आलेली झाडं बहुतेक निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात आणि ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. मी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग पर्लाइट (तापवून फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे कण), एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग विटेचे तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे घेते. विटेची बारीक पूड चाळून फेकून द्या, तीच नंतर गाळ होऊन भोकं बुजवते. कुंडी भाजलेल्या मातीची, उथळ, मुळांपेक्षा बोटभरच मोठी. भेट म्हणून येणाऱ्या चकचकीत, ट्रेसारख्या कुंडीत कधीकधी वरचे पांढरे खडे डिंकाने चिकटवलेले असतात. मला एका दुकानातून असंच झाड मिळालं होतं. खड्यांचा थर उचकटला तेव्हा खाली माती हिरवी, शेवाळलेली आणि तळाला भोकच नव्हतं. तुमच्या कुंडीला भोक आहे का, ते आज बघा. कुंडी बदलायची वेळ मात्र कोंब फुटू लागतात तेव्हाची, फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च. फक्त कूज असेल तर वेळ बघत बसायचं नाही.

आणि आता पावसाळा, कारण हे झाड जानेवारीत वाचलं तरी त्याची खरी परीक्षा जुलैत आहे. बाहेर धो-धो पाऊस, खिडक्या बंद, घरात दमट हवा कोंडलेली. पुस्तकांत आणि परदेशी व्हिडिओंत सांगतात की बेगोनियाला दमटपणा हवा, ट्रेमध्ये खडे-पाणी ठेवा, फवारा मारा. त्यांच्या हीटर लावलेल्या कोरड्या खोल्यांसाठी ते बरोबर आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत जून ते सप्टेंबर दमटपणा फुकट मिळतो, आपल्याला कमी पडते ती वाहती हवा. पाणी पिऊन तीन-चार दिवसांत हलकी होणारी कुंडी जुलैत नऊ-दहा दिवस जड राहते. शिवाय पानांवर भुरी येते, द्राक्षवाल्यांना छळणाऱ्या भुरीसारखीच पांढरी पावडर. पहिला ठिपका दिसला की ते पान देठासकट काढा, पिशवीत बांधून टाका, हात धुवा. छताचा पंखा दिवसातले काही तास एक-दोनवर चालू ठेवा, वारा झाडावर थेट आदळू नये पण पानं हलताना दिसावीत. दोन कुंड्यांमध्ये हातभर अंतर. माझ्याकडे भुरीचं प्रमाण पंख्याने जेवढं कमी झालं तेवढं कुठल्याच औषधाने झालं नाही. पावसाची झड येणाऱ्या बाजूला कुंडी ठेवू नका, आणि एसीच्या झोतातही नको, त्याने पानांच्या कडा वाळतात.

उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या वर गेला की वाढ थांबल्यासारखी होते. तेव्हा खत बंद, कुंडी जमिनीवर, लादीच्या गारव्याला ठेवा. एवढंच. कोवळ्या देठांवर पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपून काढा.

आता तुमची तार. बांधू नका. याच्या फांद्या लाकडाच्या नाहीत, रसरशीत आहेत, गाजराच्या काडीसारख्या. वाकवल्या की कट्कन मोडतात, आणि तार रुतली की तिथूनच कूज शिरते. आकार खुडून द्यायचा. नव्या फांदीवर तीन-चार पानं झाली की दुसऱ्या पानाच्या वर नखाने शेंडा खुडा. त्या पानांच्या बेचक्यातून दोन फांद्या येतील, त्या पुन्हा खुडा. मार्च ते ऑक्टोबर असं करत गेलात की माथा दाट होतो, पानंही थोडी लहान येतात. आत वळलेल्या, एकमेकींवर चढलेल्या फांद्या मुळापासून काढा म्हणजे बुंधा दिसतो आणि हवाही खेळते. बुंधा जाड करायचा असेल तर कोवळी दोन-तीन वर्षं तो मातीखालीच राहू द्या, तिथे तो जोमाने फुगतो. नंतर दर कुंडीबदलाच्या वेळी बोटाच्या पेराएवढा वर उचलत जा. तुमचा लिंबाएवढा आहे, त्याला आता उघडाच ठेवा, वर माती चढवू नका.

खत या महिन्यात काहीच नाही. झोपलेल्या झाडाला खत दिलं तर ते मुळाशी साठून मुळं भाजतं. कोंब बोटभर झाल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) हे विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही ओल्या मातीत.

फुलं आली तर घाईने खुडू नका. पांढरी, नाजूक असतात. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे तीन पंखांचं छोटं फळ दिसतं. नर फुलाचा पराग मऊ कुंचल्याने त्यावर लावलात तर महिन्या-दोन महिन्यांत फळ सुकून तपकिरी होतं आणि त्यातून चिमटीत न मावणारी, धुळीसारखी बी निघते. ओल्या कोकोपीटवर नुसती भुरभुरायची, वर माती टाकायची नाही, डबा झाकून उजेडात ठेवायचा. बियांपासूनच्या रोपांचा बुंधा कलमांपेक्षा लवकर आणि सुबक भरतो. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. बेगोनियात ऑक्झलेट असतात, ते प्राण्यांना बाधतात, आणि जमिनीखालच्या भागात जास्त.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी कळल्या तर अजून नेमकं सांगता येईल: बुंधा दाबल्यावर काय लागलं, कुंडीला भोक आहे का, आणि खिडकी कुठल्या दिशेची. सोबत मातीलगतच्या भागाचा दिवसाच्या उजेडातला फोटो टाका. पानांचा नको, बुंध्याचा.